जात्यातले शब्द, सुपातली मुले

‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ या म्हणीचा अर्थ विचारला की बहुतेक वह्यांत एकच उत्तर सापडते : एक जण दुःखात असताना दुसरा सुखात असतो. उत्तराला गुणही मिळतात. पण हा अर्थ अर्धाच आहे, आणि जो अर्धा गळला त्यातच म्हणीचा दंश आहे. सूप जात्याच्या शेजारी ठेवलेले असते. दळणारी बाई त्यातूनच मूठमूठ धान्य उचलून जात्याच्या तोंडात घालते. सुपातले दाणे सुखात नाहीत, रांगेत आहेत. हसणाऱ्यांची पाळी पुढच्या मुठीला आहे. हे कळायला सूप म्हणजे काय एवढे माहीत असून भागत नाही. सुपाकडून जात्याकडे जाणारा हात माहीत असावा लागतो.

मराठी शब्दसंपत्ती शिकवताना आपण नेमका हा हात वगळतो. वस्तूंची नावे देतो, समानार्थी-विरुद्धार्थी जोड्या पाठ करून घेतो, वाक्प्रचारांचे अर्थ फळ्यावर लिहितो. मग ‘वाक्यात उपयोग करा’ म्हटले की मुले एक हुकमी वाक्य लिहितात : ‘आज बाईंनी आम्हाला या वाक्प्रचाराचा अर्थ विचारला.’ व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि कोणत्याही वाक्प्रचाराला चालणारे. या युक्तीबद्दल मुलांना दोष देण्यात अर्थ नाही; प्रश्नाच्या लायकीचे उत्तर त्यांनी दिलेले असते.

राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीने शिकवण्याचा कायदा २०२० साली झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. कायद्यामुळे घरी मराठी नसलेली किंवा घरी मराठी असूनही इंग्रजीत वाचणारी मुले मोठ्या संख्येने मराठीच्या तासाला बसतात. त्यांच्यापुढे पारंपरिक गाणी येतात ती दोनच रूपांत : स्नेहसंमेलनात नऊवारी नेसून, किंवा पाठ्यपुस्तकात ‘लोकगीत’ असा शिक्का घेऊन. ओवी, हादग्याची गाणी आणि भारूड ही नटवण्यासाठी राखून न ठेवता शब्द शिकवण्याच्या रोजच्या कामाला जुंपावीत, आणि तिथेही आधी क्रियापद शिकवावे, मग नाम, आणि अलंकाराचे नाव सर्वांत शेवटी, किंवा नाहीच घेतले तरी चालेल, असे आमचे म्हणणे आहे.

क्रियापद आधी का, हे जनाबाईंच्या एका ओळीवरून दिसते : ‘सत्त्वाचे आधण ठेविले, पुण्य वैरिले, पाप ते उतू गेले.’ यातली नामे (सत्त्व, पुण्य, पाप) मुलांना अमूर्त असली तरी ओळखीची असतात. अडते ते ‘वैरिले’पाशी. ‘वैरी’ शब्दाशी सांगड घालून ‘पुण्य शत्रू झाले’ असा अर्थ लावणारी मुले भेटतात, आणि त्यात त्यांचा तर्क चुकलेला नसतो. वैरणे म्हणजे उकळत्या पाण्यात तांदूळ, डाळ किंवा पीठ सोडणे. जात्याच्या तोंडात मूठ टाकणे हेही वैरणेच. वैरण हा शब्द आज गुरांच्या चाऱ्यापुरता उरला. हे एक क्रियापद कळले की तीन तुकड्यांची मिळून एक घडामोड होते : पाणी तापत ठेवले, त्यात दाणे सोडले, फेस भांड्याबाहेर गेला. जे कामाचे ते भांड्यात राहिले, नको ते कडेवरून ओघळले. ‘सत्त्व म्हणजे पाणी, पुण्य म्हणजे तांदूळ, पाप म्हणजे फेस’ अशी तीन जोड्यांची यादी फळ्यावर लिहिली की मात्र सगळे मरते. जोड्या जुळवा हा प्रश्नप्रकार आहे, कविता नव्हे.

पाठ्यपुस्तकी अलंकार-शिक्षणाची अडचण इथेच सुरू होते. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यदर्शक शब्द हे उपमेचे चार भाग मुलांना शिकवले जातात. जसा, सम, परी, गत हे शब्द दिसले की उपमा, ‘गमे, वाटे, भासे’ दिसले की उत्प्रेक्षा, अशी ओळख परेड चालते. आता ओवी घ्या. ओवीत ‘राघू’ येतो आणि ‘मैना’ येते. राघू म्हणजे मुलगा, मैना म्हणजे मुलगी. मुलगा हा शब्द ओळीत नसतोच. उपमेय गायब, साधर्म्यदर्शक शब्द गायब. उरते ते केवळ उपमान, आणि ऐकणारीला ते पुरते. चार भागांचे कोष्टक घेऊन गेलेल्या मुलाला इथे भरायला तीन चौकटी रिकाम्याच सापडतात, आणि तो राघूला खरोखर पोपट समजून पुढे जातो. ‘चुडा’ आणि ‘कुंकू’ ओवीत नवऱ्यासाठी येतात, ते तर उपमेच्या घरातलेच नाहीत. चुडा नवऱ्यासारखा दिसत नाही. नवरा आहे म्हणून चुडा आहे, एवढाच संबंध. ही लक्षणा (मूळ अर्थ सोडून त्याला लागून असलेला अर्थ घेणे) आहे आणि ती पाठ्यपुस्तकात शब्दशक्तीच्या वेगळ्या प्रकरणात, वेगळ्या इयत्तेत बसलेली असते. लोकगीत दोन्ही एका ओळीत वापरते. तेव्हा गाण्यापासून निघून संज्ञेकडे जाता येते, संज्ञेपासून निघून गाण्याकडे सहसा पोहोचता येत नाही.

आता प्रत्यक्ष तास. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत सहा ते आठ ओळी आणि जास्तीत जास्त पाच शब्द. वीस शब्दांची हाव धरली की तास कोशवाचनाचा होतो. पाचांपैकी किमान तीन क्रियापदे असावीत. पहिली पाच मिनिटे गाणे दोनदा ऐकवायचे, कागद हातात न देता. छापील ओळ समोर असली की मुले ऐकत नाहीत, वाचतात; आणि ओवी ओठांवर बसते ती तिच्या हेलकाव्याने. पुढची दहा मिनिटे क्रियेची. सूप हा विषय असेल तर पाव किलो ज्वारी, मूठभर कोंडा आणि आठ-दहा खडे एवढी सामग्री पुरते. पाखडताना सुपाचे पुढचे टोक वर उडवून दाणे झेलायचे असतात. हलका कोंडा पुढून उडून जातो, जड दाणा मागे परततो. घोळताना सूप उडवायचे नसते, आडवे गोल फिरवायचे. खडे एका बाजूला जमतात. निवडणे तर बोटांचे काम. तीन क्रिया, तीन हालचाली. मराठीत त्यांना तीन शब्द आहेत ते हौसेपोटी नव्हेत.

हे तासाला बिघडते कसे, तेही सांगायला हवे. पंखा चालू ठेवला तर कोंडा डोळ्यांत जातो. ओसरीवर किंवा मैदानात, वाऱ्याकडे पाठ करून पाखडावे. ताट वापरून भागत नाही, कारण त्याला चारही बाजूंनी काठ असतो आणि कोंड्याला बाहेर पडायला तोंड नसते. प्लास्टिकच्या गुळगुळीत सुपातून अनेकदा दाणेही घसरतात. बांबूच्या विणीतले उंचवटे त्यांना अडवतात. सगळ्यांत मोठी चूक मात्र वेगळीच : पडद्यावर सुपाचे सुंदर छायाचित्र दाखवून पुढे सरकणे. चित्र नाम शिकवते. पाखडणे चित्रात मावत नाही, फार तर चलतचित्रात मावते, आणि तेही हाताला वजन कळू देत नाही.

पाखडून झाल्यावर एक शब्द टाकायचा : आगपाखड. संपादकीयात, विधानसभेच्या बातमीत रोज दिसणारा. ज्याने पाच मिनिटांपूर्वी कोंडा दूर उडवला आहे त्याला सुपातून निखारे उडताना दिसतात. अर्थ सांगावा लागत नाही. ‘मनात घोळणे’ तसेच. निवडणे–निवड–निवडणूक ही मालिका तर पाटीवर लिहून शांत बसावे, मुले स्वतःच खडे कोण आणि दाणे कोण यावर बोलू लागतात. (हा तास आचारसंहितेच्या काळात घेऊ नये, एवढीच खबरदारी.)

पुढच्या आठ मिनिटांत ओळ लिहून एक शब्द झाकायचा. इथे बहुतेक जण नाम झाकतात. झाकायचे ते क्रियापद. ‘पुण्य ____’ एवढेच दिले तर उत्तरे येतात : केले, मिळवले, जोडले. ही तयार, गुळगुळीत उत्तरे आहेत. मग आधीचे आधण आणि नंतरचे उतू जाणे दाखवायचे. आता मुले स्वयंपाकघरात शिरतात : टाकले, घातले, ओतले, सोडले. प्रत्येक शब्दावर एकच प्रश्न विचारायचा : हे क्रियापद दोन्हीकडे चालते का, भांड्यातही आणि पुण्यालाही? ‘ओतले’ तांदळाला चालते पण हात सैल वाटतो. ‘टाकले’मध्ये पुण्याचा अनादर आहे. ही चर्चा झाली की मूळ शब्द उघडायचा. तोवर मुलांना त्याची गरज भासलेली असते, आणि गरज भासल्यावर आलेला शब्द राहतो.

उरलेली बारा मिनिटे स्वतःच्या रचनेला. ‘रूपक लिहा’ म्हटले की येणारे पीक ठरलेले आहे : आई म्हणजे फूल, पाणी म्हणजे जीवन, पुस्तक म्हणजे मित्र. नाम म्हणजे नाम. यांत कोणी काही करत नाही, म्हणून काही दिसतही नाही. त्याऐवजी ओळीचा सांगाडा द्यायचा : एकाच कामातल्या तीन लागोपाठच्या क्रिया, आणि त्यांत कामाच्या वस्तूऐवजी मनातली वस्तू. काम मुलांनी रोज पाहिलेले हवे. पंक्चर काढण्याचे घ्या : ‘मैत्रीला ठिगळ लावले, पाण्यात बुडवून पाहिले, बुडबुडा आला नाही.’ इथे जाते नाही, सूप नाही, तरी ही ओवीचीच नात आहे. ज्याला ट्यूब पाण्यात का बुडवतात ते माहीत आहे तोच हे लिहू शकतो, आणि ज्याने हे लिहिले त्याला जनाबाईंची ओळ समजली की नाही हे वेगळे तपासावे लागत नाही. तपासणीची कसोटीही तीच : क्रियापद दोन्ही बाजूंना चालले तर गुण, नाही तर परत. यमक जुळले की नाही ते मोजू नये. यमकापायी मुले चांगले क्रियापद सोडतात.

वस्तूच मेल्या, मग त्यांचे शब्द कशाला, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला भावुक उत्तर देऊ नये. काही शब्द खरोखर गेले आहेत. ‘वैरणे’ आज कुणी वापरावा असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. तो ओळखता आला की पुरे. पण सरसकट मोडीतही काढता येत नाही. जाते गेले, तरी सभेत तेच तेच दळण दळले जाते आणि महागाईत माणसे भरडली जातात. टाकी हा शब्द मुलांना पाण्याचीच आठवण देतो. जात्याला टाकी लावणे, म्हणजे झिजून गुळगुळीत झालेला दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करणे, हे कळल्याशिवाय ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण हास्यास्पद वाटते. पिशवीवर ‘हातसडीचा तांदूळ’ छापलेले असते आणि मुले नाक मुरडतात, कारण सडणे म्हणजे कुजणे एवढेच त्यांना ठाऊक. कांडून तांदळावरचा कोंडा काढणे हेही सडणेच. तेव्हा गाणे निवडताना शब्दांची विभागणी शिक्षकाने आधीच करावी. ज्या शब्दाची लाक्षणिक फांदी आजच्या बोलण्यात हिरवी आहे तो वापरायला शिकवायचा. ज्याची वाळली तो समजण्यापुरता. आणि ज्या गाण्यात दुसऱ्या प्रकारचेच शब्द जास्त, ते कितीही गोड असले तरी शब्दांच्या तासाला घ्यायचे नाही.

एकाच शब्दाच्या फांद्या मोजण्यासाठी नाथांच्या भारुडासारखी जागा नाही. विंचू चावला आहे, विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि मग येतो ‘उतारा’. तमोगुण मागे सारा, सत्त्वगुणाचा अंगारा लावा. आठवी-नववीच्या मुलाच्या डोक्यात उतारा म्हणजे ‘खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा’. शेतकऱ्याच्या घरात उतारा म्हणजे सातबारा. दृष्ट काढून तिठ्यावर टाकतात तोही उतारा. विष उतरते, मजकूर उतरवून घेतात, नोंद उतरवून मिळते, पीडा उतरवून टाकतात. एका ‘उतरणे’तून चौघेही निघाले. अर्ध्या तासात हा वेल फळ्यावर चढतो आणि चारही अर्थ परस्परांना धरून राहतात. सुटे पाठ केले तर आठवड्यात गळतात.

अशुभ टाळण्याच्या बोलीत ‘वाढणे’ची तीच गत. नारळ वाढवतात, बांगडी वाढते, मंगळसूत्र वाढवले म्हणतात. फुटणे, तुटणे, संपणे तोंडातून काढायचे नाही म्हणून त्याच्या अगदी उलटा शब्द. ताटात वाढणे याहून वेगळे आणि मूल वाढणे त्याहून वेगळे. पारंपरिक गाण्यातले ‘वाढवले’ वाचून कुणी अर्थ उलटा लावला तर तो शब्दकोशाचा अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे. बाईच्या भीतीचा अभ्यास राहिला म्हणून.

भीतीवरून पुढचा आक्षेप. ही गाणी सासुरवासाची, पुत्राच्या कौतुकाची. ती आजच्या मुलींच्या तोंडी का घालायची? हादग्याच्या ‘अक्कण माती चिक्कण माती’मध्ये माती, खड्डा, जाते, सपीट, करंज्या, तबक, शेला, पालखी असा साखळीने प्रवास होतो आणि शेवटी माहेर सुरेख, सासर द्वाड, कोंडून मारणारे. शाळेत म्हणताना शेवटची कडवी कापण्याची पद्धत पडू पाहते. ती चुकीची आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. नऊ वेळा ‘सुरेख’ म्हटल्यावर आलेला एकुलता एक ‘द्वाड’ हाच त्या गाण्याचा कणा; तो काढला तर करंज्यांची कृती उरते. मुलीला लग्नानंतर माहेरी न्यायला मुराळी, म्हणजे तिकडचा माणूस, येई, तोवर तिला निघता येत नसे. ‘कारल्याचे बी पेर’ म्हणत सासू एकेक टप्पा पुढे ढकलते त्या गाण्यातही वेल हा वेल नसून टाळाटाळ आहे. हे उघड बोलावे. स्वयंपाक आणि पेरणीचे शब्द यांतून मिळतात, आणि अन्यायाबद्दल आडून कसे बोलायचे तेही. समोर सासू बसलेली असताना गायची गाणी होती ही. रूपक इथे शोभेला नव्हते, आडोशाला होते.

बोलीचा प्रश्न त्यामानाने सोपा, पण नुकसान फार करतो. ओवीतला ‘इठ्ठल’ फळ्यावर ‘विठ्ठल’ होतो, ‘येळ’ची ‘वेळ’ होते, आणि गाणारीचा आवाज पुसला जातो. शुद्ध करण्याऐवजी दोन रकाने आखावेत : इठ्ठल–विठ्ठल, येळ–वेळ, ईस–वीस. तीन जोड्यांत मुलांना नियम स्वतः सापडतो : इ किंवा ए यांच्या आधीचा व जातो, ‘ए’पाशी य येतो. पाचवीचे मूल ध्वनिनियम शोधते, याहून भाषेचा मोठा धडा त्या इयत्तेत दुसरा नाही. लिहिताना प्रमाण, गाताना गाणारीचे, एवढा करार पुरतो.

इयत्तांची वाटणी ढोबळच असावी : तिसरी-चौथीला साखळीची हादगा-भोंडल्याची गाणी, पाचवी ते सातवीला ओव्या, त्यापुढे भारूड. उजळणीचा प्रश्न मात्र हादग्याने आधीच सोडवून ठेवला आहे. सोळा दिवसांच्या हादग्यात पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे रोज एक वाढत जाते. पहिले गाणे सोळा वेळा म्हटले जाते, शेवटचे एकदा; एकूण एकशे छत्तीस वेळा गाणी होतात आणि कुणाला पाठ करायला बसावे लागत नाही. शब्दांचा तास असाच रचता येतो : रोज एक नवा शब्द, आणि जुने सगळे पुन्हा, पण प्रत्येक वेळी नव्या वाक्यात. त्यातली खिरापत ओळखण्याची रीतही उचलावी. डबा झाकलेला असतो. गोड की तिखट, कोरडी की ओली, तळलेली की वाफवलेली, असे विचारत पोरी डब्यापर्यंत पोहोचतात. डब्यात खाऊऐवजी शब्द ठेवा. हाताने होतो की तोंडाने? त्यात काही वेगळे होते की एकत्र? माणसाबद्दल वापरतात का? सातव्या-आठव्या प्रश्नाला ‘घुसळणे’ सापडते, आणि ते सापडेपर्यंत ढवळणे, कालवणे, मळणे, घोटणे हे चार शब्द तपासून बाजूला ठेवलेले असतात.

सामग्रीची वाण नाही. सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. साने गुरुजींनी ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबर यांनी आयुष्य त्यात घातले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने जमलेल्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि २०१७ पासून त्या ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर गावांच्या आणि गायिकांच्या नावांनिशी, काही ध्वनिमुद्रणासह, प्रकाशित होत आहेत. शिक्षकाने तिथून एका विषयाच्या चार ओव्या निवडाव्यात. दहा घेतल्या की मुलांना सगळ्या सारख्या वाटतात.

आणि गावात अजून गाणारी आजी असेल तर तिला वर्गात आणताना भाषण करायला सांगू नये, अर्थही विचारू नये. अर्थ विचारला की ती अवघडते आणि पुस्तकी बोलू पाहते. ‘घोळायचं म्हणजे कसं, आजी?’ एवढे विचारावे. ती तोंडाने काही सांगण्याआधी दोन्ही हात सूप धरल्यासारखे पुढे करून फिरवील. मोबाइल लावायचाच तर तेव्हा तो तिच्या चेहऱ्यावर नको, हातांवर धरावा.